दुधाच्या पिशवीची पट्टी

जावयाने लाथ घातली तसा गाडीचा डावा आरसा निखळला आणि आतल्या वायरला लोंबकळत दारावर आपटत राहिला.

"बघा," जावई म्हणाला. "एवढं मारलं तरी हूं की चूं नाही. हॉर्न नाही, लाइट नाही, चावी फिरवली तर साधी टिकटिकसुद्धा नाही. सकाळी सहापासून सामान भरून बसलोय. काल संध्याकाळी पळत होती, आज मढं झालंय."

"लाथेने लाइट लागत असते तर आम्ही हत्यारं विकून घरी बसलो असतो, जावईबापू," मिस्त्री म्हणाला. त्याने स्कूटर भिंतीला लावली आणि हँडलला अडकवलेली हत्यारांची पिशवी काढली. जावई हसला नाही.

मिस्त्री गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करायचा. अडतीस वर्षं. त्याला नावाने कुणीच हाक मारत नव्हतं. बायकोसुद्धा चारचौघांत मिस्त्रीच म्हणायची. ती जाऊन अकरा महिने झाले होते. तेव्हापासून तो आपल्या कामाच्या शेडमधून उशिरा घरी जायचा, कारण घरी जाऊन काय करायचं हे त्याचं अजून ठरत नव्हतं. एकुलत्या एका लेकीचं घर स्कूटरवर अर्ध्या तासावर. पण गेल्या सात महिन्यांत त्याला इथे कुणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता लेकीच्या दारात उभं कसं राहायचं म्हणून तो आला नव्हता. आज रविवार, गॅरेजं बंद, म्हणून जावयाचा फोन आला होता. फोन ठेवता ठेवता जावई "सासरा कशाला आहे मग?" असं कुणाला तरी म्हणाला, तेही मिस्त्रीला ऐकू आलं होतं. त्याला राग आला नाही. पोरगी दिसेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

गाडी अंगणात उभी होती. मागच्या सीटवर छतापर्यंत सामान: गुंडाळलेली गादी, शेगडी, खोके, सुटकेसी. मिस्त्रीने ते पाहिलं.

"कुठे निघालात एवढं सगळं घेऊन?"

"नवीन नोकरी. आठशे किलोमीटर आहे. उद्या सकाळी हजर व्हायचंय."

"कुणी बोललं नाही मला."

"तिकडे पोचल्यावर सांगणारच होतो."

"पोरीचा फोन लागत नाही पंधरा दिवस."

"बिघडलाय. तिकडे गेल्यावर नवीन नंबर घेऊ. इथले नंबर, इथली माणसं, सगळंच बदलून टाकायचंय एकदा. डोक्याला ताप नुसता." त्याने गाडीच्या टपावर मूठ हाणली. पत्र्याला खोलगा पडला. "तुम्ही गाडीचं बघा ना बाबा. चौकशा नंतर."

मिस्त्रीने बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं. आठशे किलोमीटर. म्हणजे स्कूटरवर जाता येणार नाही. म्हणजे बोलावलं तरच जायचं, आणि बोलावणार कोण? हे त्याने मनात एकदा म्हणून पाहिलं आणि पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला टोचणी आणि मध्ये छोटा दिवा. करंट असला की दिवा लागतो, नसला की नाही. अडतीस वर्षं त्याने या दिव्यावरच पोट भरलं होतं.

"पाणी मिळेल का?" त्याने घराकडे तोंड करून विचारलं.

लेक पाण्याचा ग्लास घेऊन आली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिने मनगटापर्यंत बाह्यांचा स्वेटर घातला होता. खालचा ओठ एका बाजूने सुजून काळा पडला होता. लहानपणी ती इतकी किरकोळ होती की शेडमधले कारागीर तिला 'वायर' म्हणायचे. ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

"काय गं वायर, ओठाला काय झालं?"

"कपाटाचं दार लागलं," जावई म्हणाला.

"दार लागलं," लेक म्हणाली. तिने बापाकडे पाहिलंच नाही. ती उघड्या बॉनेटमध्ये बघत होती. "बाबा, घाई करू नका. सगळं नीट तपासा. एकेक करून."

"बघा, आता ही मला शिकवणार!" मिस्त्री हसला. त्याला बरं वाटलं होतं. "अगं, तुझ्या जन्माच्या आधीपासून..."

"दिलंस ना पाणी? चल आत," जावयाने तिचा दंड धरला.

त्याने जोरात काही धरलं नव्हतं. पण लेकीचे डोळे गच्च मिटले आणि ग्लास हातातून सुटून फरशीवर फुटला. ती ओरडली नाही. ज्या माणसाला दुखतं तो ओरडतो. ही ओरडली नाही, यानेच मिस्त्रीला कसंतरी झालं.

"हिच्या हातात काही टिकतच नाही," जावई म्हणाला आणि फुटकी काच बुटाने बाजूला सारत तिला आत घेऊन गेला.

मिस्त्री उभा राहिला. आपण काहीतरी बोलायला हवं होतं हे त्याला कळत होतं. काय बोलायला हवं होतं ते कळत नव्हतं. असं झालं की तो गाडीत डोकं घालायचा, कारण गाडीत पुढे काय करायचं ते त्याला नेहमी ठाऊक असायचं. त्याने डोकं घातलं.

आधी बॅटरी. वरच्या दोन्ही शिशाच्या खांबांना टेस्ट लॅम्प लावला; दिवा लख्ख पेटला. मीटर लावला, साडेबारा व्होल्टच्या वर. म्हणजे बॅटरी ठणठणीत. खांबांवर आवळलेले वायरींचे दोन्ही क्लॅम्प हाताने हलवून पाहिले, हलले नाहीत. मग त्याने चिमटा गाडीच्या पत्र्याला लावला आणि टोचणी फ्यूज बॉक्समध्ये फिरवली. एकाही ठिकाणी दिवा लागला नाही. मेन फ्यूज गेला असणार असं धरून त्याने तो खोलला, उन्हात धरला. फ्यूज साबूत. परत बसवला. परत तपासलं. काही नाही.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जड आवाज.

"काय झालं?" मिस्त्री ओरडला.

"बॅग पडली," जावई आतून म्हणाला. मग बाहेर आला. त्याचा श्वास भरला होता. "झालं का? तास झाला."

"वीस मिनिटं झालीत."

"मला वाटलं तुम्ही मोठे मिस्त्री. नुसती बत्ती घेऊन टोचत बसलाय." त्याने बॅटरीवर ठेवलेला मीटर उचलला, उलटसुलट पाहिला आणि भिंतीवर भिरकावला. मीटरची काच गेली, आकडे गेले. "हे चालतं तरी का?"

आता चालत नव्हतं. तो मीटर बायकोने दिला होता, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. मिस्त्रीने भिंतीजवळ जाऊन तो उचलला, तुकडे गोळा करून पिशवीत ठेवले. कानशिलं तापली होती. पण जावयाला 'अहो जाहो' करायची सवय त्याच्या जिभेला लागली होती, आणि सवयीने त्याची जीभ धरून ठेवली.

"असू द्या. बत्ती आहे अजून," तो म्हणाला.

परत येऊन त्याने टेस्ट लॅम्पचा चिमटा पाहिला, आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. चिमटा पत्र्याला होता! पत्र्यालाच अर्थिंग नसेल तर दिवा लागणार कुठून? पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ पोराने करावी अशी चूक. त्याने चिमटा काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावला आणि फ्यूज बॉक्समध्ये टोचलं. दिवा लख्ख. म्हणजे पॉझिटिव्ह सगळीकडे पोचत होता. परतीची वाट बंद होती. निगेटिव्हची वायर त्याने बोटांनी पार खालपर्यंत चाचपली. धड होती, पत्र्यावरचा बोल्टही घट्ट होता. राहिला फक्त खांबावरचा क्लॅम्प.

क्लॅम्प तर चांगला आवळलेला होता. मिस्त्रीने दहाचा पाना लावला, नट सैल केला, क्लॅम्प वर ओढला. खांबाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. पातळ, पांढरं, निळ्या अक्षरांचं. दुधाच्या पिशवीची पट्टी. बोटभर रुंद, दोन वेढे, कडा नीट आत दुमडलेल्या. वरून पाहणाऱ्याला क्लॅम्प घट्ट दिसणार आणि आत शिशाला धातू टेकणारच नाही.

मिस्त्रीने ती पट्टी सोडवली आणि हात उंच केला. फॉल्ट सापडला की तो असंच करायचा. जळका फ्यूज असो, उंदराने कुरतडलेली वायर असो, तो ती वस्तू वर धरून गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि मोठ्याने सांगायचा. त्याच्या धंद्यात तेवढाच एक मान होता.

"सापडलं!" तो म्हणाला. "ही बघा भानगड! काही बिघडलेलं नाही तुमच्या गाडीचं. कुणीतरी मुद्दाम घातलीय ही. अहो, ही तर आमची युक्ती! रात्री शेडबाहेर गिऱ्हाइकांच्या गाड्या राहायच्या ना, चोराने नेऊ नयेत म्हणून आम्ही हेच करायचो. हे आमच्या वायरचंच काम असायचं. आठ वर्षांची होती. तिच्यासारख्या कडा दुमडायला मलासुद्धा..."

तिथे तो थांबला.

तो थांबला तोवर सगळं बोलून झालं होतं.

आता त्याला सगळं एकदम दिसलं. फोन काढून घेतलेला. फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नसणार. रविवार, गॅरेजं बंद. गाडी मेली तर नवरा एकाच माणसाला बोलावील, कारण तो माणूस फुकटात येतो. पोरीने बापाला हाक मारली होती, तिला येत होती त्या एकाच रीतीने. आणि बापाने ती हाक वाचून नवऱ्याला ऐकवली होती. हात उंच करून.

"काय म्हणालात?" जावई म्हणाला. आवाज अगदी मऊ होता.

"नाही, म्हणजे, माझ्याच हातून राहिली असेल मागे कधी," मिस्त्री म्हणाला. "सर्व्हिसिंगच्या वेळी..."

"काल संध्याकाळी मी पेट्रोल भरून आणलंय."

जावयाने त्याच्या बोटांतून पट्टी काढून घेतली, उन्हात धरून पाहिली आणि आत गेला. दाराला आतून कडी लागली.

पहिला आवाज भांड्यांचा होता. दुसरा हाताचा. तिसऱ्या आवाजाला लेक ओरडली, आणि मग लगेच तिचं ओरडणं कशाखाली तरी दाबलं गेलं. मिस्त्रीने दारावर थापा मारल्या, खांदा मारला, "जावईबापू! अहो जावईबापू!" म्हणत राहिला. आपण अजूनही जावईबापू म्हणतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली. तो धावत गाडीकडे गेला, डिकीतून चाक खोलायचा पाना काढला आणि कडीच्या जागी लाकडात घालून सगळा भार टाकला. दार फुटलं.

स्वयंपाकघरात लेक ओट्याच्या कडेला पाठ लावून बसली होती. जावयाने एका हाताने तिचा जबडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती पट्टी तिच्या तोंडात कोंबत होता.

"खा," तो म्हणत होता. "हुशार आहेस ना? बापाची लेक आहेस ना? खा म्हटलं ना!"

तिच्या भुवईतून रक्त येऊन डोळ्यात उतरत होतं. मिस्त्रीने पाना फिरवला. डोक्यावर मारायचा त्याचा विचार होता, पण आयुष्यात त्याने माणसावर हात उचलला नव्हता आणि ऐनवेळी हात खाली आला. पाना खांद्यावर बसला. जावई कळवळला, वळला, आणि एका फटक्यात म्हातारा भिंतीवर जाऊन पडला. पाना खणखणत ओट्याखाली गेला.

"सोड तिला," मिस्त्री खालूनच म्हणाला. "सोड तिला, नालायका."

'अहो जाहो' गेलं ते गेलं.

"सोडतो की," जावई म्हणाला. त्याने बायकोचे केस मुठीत गुंडाळले आणि तिला उठवलं. "तुम्ही गाडी चालू करायची. आम्ही निघायचं. तिकडे गेल्यावर हिला नीट समजावतो मी. तिकडे कोणी नाही मधे तोंड घालायला."

त्याने तिला अंगणातून ओढत नेलं. तिची एक चप्पल उंबऱ्यात राहिली. पुढचं दार उघडून त्याने तिला सीटवर ढकललं आणि दार आपटलं. मग बॉनेटजवळ उभा राहिला. मिस्त्री भिंत धरत धरत बाहेर आला होता. कोपरातून रक्त ठिबकत होतं.

"लाव क्लॅम्प."

शेजारच्या गच्चीत एक बाई उभी राहिली होती. चष्मा, हातात पाण्याची नळी. झाडांना पाणी घालता घालता ती थांबली होती. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिने नळी खाली टाकली आणि आत गेली. गेली, मिस्त्रीला वाटलं. सगळे असेच आत जातात.

तो गाडीजवळ आला. क्लॅम्प खांबाच्या बाजूला लोंबत होता. खांबावर बसवायचा, नट तीनदा फिरवायचा, की झालं. लहान मुलाचं काम. मिस्त्रीने उजव्या हातात दहाचा पाना घेतला आणि डाव्या हाताने गाडीच्या पुढच्या कडेचा आधार घेतला. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून, काचेपलीकडे लेक दिसत होती. ती रडत नव्हती. एका डोळ्याने ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात "लावू नका"ही नव्हतं. तिने आता काहीच मागायचं सोडून दिलं होतं.

मिस्त्रीने पाना खिशात टाकला.

"नाही लावणार," तो म्हणाला.

"लाव, म्हाताऱ्या."

"तुझं वय आहे त्यापेक्षा जास्त वर्षं मी बंद गाड्या चालू केल्यात. एकही परत पाठवली नाही. ही नाही चालू करणार. जा, चालत जा आठशे किलोमीटर." आणि तो उजव्या हाताने क्लॅम्प उचलून दाखवायला गेला, वायरसकट तोडूनच टाकावा असं त्याच्या मनात आलं असावं.

जावयाने बॉनेटची दांडी लाथेने उडवली आणि बॉनेट दोन्ही हातांनी खाली आपटलं.

मिस्त्रीने डावा हात कसाबसा काढला. उजवा मागे घेता घेता कडेला सापडला, बॉनेटच्या कुलपाच्या बरोबर वर. आधी काहीच वाटलं नाही. मग जावयाने बॉनेट उचललं आणि दुसऱ्यांदा आपटलं, आणि वर अंगाचा सगळा भार दिला. बोटं मोडल्याचा आवाज मिस्त्रीने स्वतः ऐकला. तो ओरडला. असं ओरडताना त्याने स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. बायको गेली तेव्हासुद्धा नाही.

"लावणार का?" जावई वरून म्हणत होता. "आता लावणार का? सांग, लावणार का?"

गाडीचं दार उघडलं ते त्याने ऐकलं नाही. हत्यारांची पिशवी पुढच्या चाकापाशी उघडी पडली होती. लेकीने त्यातली हातोडी उचलली, एक पाऊल पुढे टाकलं आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर बाजूने मारली. तो वाकडा झाला. तिने दुसऱ्यांदा त्याच जागी मारली. गुडघा भलत्या बाजूला गेला आणि जावई किंचाळत फुटक्या काचांवर पडला. तिने हातोडी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. आता ती गुडघ्याकडे बघत नव्हती.

मिस्त्रीचा हात अजून बॉनेटखाली होता. लहानपणी ती नट जास्त आवळायला लागली की तो तिला जे म्हणायचा, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"बास गं. आटे जातील."

हातोडी वरच्या वर थांबली. मग तिने ती हळू खाली आणली.

फाटक उघडून गच्चीतली बाई आत आली. तिच्या हातात फोन होता. ती निवृत्त शिक्षिका आहे हे तिने सांगायची गरज नव्हती.

"पोलिसांना कळवलंय," ती म्हणाली. "दीड वर्ष भिंतीतून ऐकतेय मी. फोन आज केला, हे माझंच चुकलं." जावई कोपरावर उठायला बघत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. "उठायचं नाही. चाळीस वर्षं तुझ्यासारख्यांना खाली बसवलंय मी. बस."

"बाई, माझा पाय..."

"पाय आहे ना जागेवर? मग बस. आणि तू गं पोरी, वडलांना घेऊन दवाखान्यात जा. मी आहे इथे. माझा मुलगा पण येतोय."

लेकीने बॉनेट उचललं. मिस्त्रीचा हात तिने दोन्ही हातांनी बाहेर काढला, अंड्यांची टोपली उचलावी तसा. तीन बोटं हाताची राहिली नव्हती. त्याने मान वळवली. तिने अंगातला स्वेटर काढून त्यात हात गुंडाळला, आणि तेव्हा तिचे दंड उन्हात उघडे पडले. निळे, पिवळे, जुने, नवे. मिस्त्रीला मान पुन्हा दुसरीकडे वळवावीशी वाटली. पण त्याने वळवली नाही.

"पाना?" तिने विचारलं.

"खिशात आहे."

तिने त्याच्या खिशातून दहाचा पाना काढला, क्लॅम्प खांबावर दाबून बसवला, नट आवळला. तीन फेरे, आणि शेवटी अर्धा. चावी फिरवली तशी गाडीतले सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

रस्त्यावर फारशी गर्दी नव्हती. लेक एका डोळ्याने गाडी चालवत होती. मागे शेगडी आणि भांडी खडखडत होती. डावा आरसा वाऱ्यावर आपटत होता. 

"तुम्हाला कळलं नाही, बाबा?" शेवटी तिने विचारलं. "पट्टी बघून?"

"कळलं गं. तिथेच बोलायचं नव्हतं, हे नाही कळलं."

"मला वाटलं, तुम्ही गपचूप परत बसवाल आणि म्हणाल, गाडी शेडला न्यावी लागेल. मग मी म्हणणार होते, मी पण येते, आईच्या वस्तू बघायच्यात."

असं होतं तर. सगळं ठरवलं होतं तिने. मिस्त्रीने स्वेटरमधल्या हाताकडे पाहिलं. लोकर भिजून काळी झाली होती.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"तिने तुम्हाला सांगितलं होतं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. ज्या बाईने सांगितलं ती आता सांगायला नव्हती.

"सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाला. "दोनदा. एकदा इस्पितळात पडल्यापडल्या. मी म्हटलं, नवं घर आहे, होतं असं. फोनवर विचारलं की पोरगी बरं आहे म्हणते ना, मग बरं असणार."

लेकीने गिअर बदलला. वळण घेतलं. ती रागावली की नाही हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. चेहरा सुजला होता.

दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक नर्स होती. पन्नाशीची, जाड, हाताने चपळ. तिने स्वेटर कात्रीने कापून काढला, हात ट्रेमध्ये ठेवला, सुई टोचली आणि कागद ओढून घेतला.

"काय झालं, काका?"

"बॉनेट पडलं हातावर," मिस्त्री म्हणाला. त्याला विचार करावाच लागला नाही. ते आपसूक आलं. घरातलं दारात मांडायचं नाही, एवढं त्याला कुणी न शिकवता येत होतं.

"आपोआप नाही पडलं," लेक म्हणाली. "माझ्या नवऱ्याने आपटलं. दोनदा."

नर्सने लिहिलं. मग बोटांवरचं रक्त पुसता पुसता म्हणाली, "डॉक्टर येतील आता. पण खोटी आशा नाही दाखवत, काका. ही दोन वाचतील असं मला वाटत नाही. काम काय करता?"

"वायरिंगचं," मिस्त्री म्हणाला. "गाड्यांच्या."

 नर्सने मान वर करून लेकीकडे पाहिलं. भुवई, ओठ, जबड्यावरचे बोटांचे वळ, दंड. सगळं क्रमाने पाहिलं. आणि टेबलाच्या खणातून दुसरा, कोरा कागद काढला.

"तुमचा वेगळा लिहायचा ना?"

"हो."

"आजचंच लिहायचं की आधीचं पण?"

"सगळं," लेक म्हणाली.

मिस्त्री उठला. पोरीच्या अंगावरचं बापाने ऐकू नये, असं त्याला वाटलं. किंवा आपल्याला ऐकवणार नाही असं वाटलं. दोन्हींत फरक आहे का, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. "मी बाहेर बाकावर बसतो," तो म्हणाला.

"बसा, बाबा," लेक म्हणाली. "इथेच बसा."

तो बसला.

"पहिल्यांदा कधी?" नर्सने विचारलं.

"लग्नाला अडीच महिने झाले होते," लेक म्हणाली. "भाताला करपल्याचा वास आला म्हणून. झाऱ्याने. इथे, पाठीवर. मग त्याच आठवड्यात शनिवारी..."

ती सावकाश सांगत होती, नर्सला लिहिता यावं म्हणून मध्ये थांबत होती. वरचा पंखा जोरात फिरत होता. त्याच्या वाऱ्याने कोरा कागद सारखा टेबलावरून वर उचलला जात होता आणि नर्सचा एक हात तो दाबण्यातच गुंतून पडत होता. मिस्त्रीने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि डाव्या हाताने कागदाचं टोक दाबून धरलं.